गाठीची भिंत

“डॉक्टर, गाठ काढून टाकली की दिवस राहतील ना?” स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खोलीत हा प्रश्न नेहमीचा. विचारणारी कधी ती स्वतः असते, कधी सोबत आलेली आई, कधी सासू. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. उजव्या अंडाशयात पाच सेंटिमीटरची ‘चॉकलेट सिस्ट’ असल्याचं त्यात लिहिलेलं असतं. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, दर पाळीला जीव नकोसा होतो आणि मूल नाही. नको ती गाठ आत बसली आहे आणि हवं ते मूल राहत नाही, म्हणजे गाठ काढली की वाट मोकळी होईल, हा हिशेब कुणालाही पटेल असाच आहे.

पण या हिशेबात एक गोष्ट न तपासता धरलेली असते. गाठ वेगळी आणि अंडाशय वेगळं, असं आपण मनात मांडलेलं असतं. बाकीच्या पुष्कळ गाठींबाबत ते खरंही आहे. या गाठीबाबत नाही. चॉकलेट सिस्टची भिंत बहुतांशी अंडाशयाचीच असते. एवढी एकच गोष्ट नीट उमगली, तर ऑपरेशन करायचं की नाही, केलं तर कधी, कसं आणि कुणाकडून, हे सगळे प्रश्न वेगळ्या क्रमाने समोर येऊ लागतात. म्हणून ती जरा सावकाश पाहू.

ही गाठ ज्यातून होते, त्या एन्डोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजतं. ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भनलिकांवर, आतड्यावर, अंडाशयावर ते वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. हे भरकटलेलं अस्तर पाळीच्या चक्राला प्रतिसाद देतं. त्यातूनही रक्त सुटतं, फक्त त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. अंडाशयात हे घडलं की रक्त महिनोन्‌महिने साचत जातं, जुनं होतं, घट्ट होतं आणि गडद तपकिरी पाकासारखं दिसू लागतं. अमेरिकेत अल्बनी इथे काम करणारे शल्यचिकित्सक जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली या गाठींचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हापासून चॉकलेट सिस्ट हे नाव वैद्यकात रूढ आहे.

गाठीच्या आत काय आहे, ते सॅम्पसन यांच्यामुळे स्पष्ट झालं. गाठ कशाची बनली आहे, याचं उत्तर १९५७ मध्ये ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट ह्यूज्डन यांनी दिलं. अशा गाठी असलेल्या अंडाशयांचे एकापाठोपाठ एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली लावून पाहताना त्यांना दिसलं, की बहुतेक गाठींची भिंत म्हणजे आत वळलेला अंडाशयाचा पृष्ठभागच आहे. पृष्ठभागावर रुजलेल्या अस्तरातून रक्त सुटतं, ती जागा शेजारच्या अवयवाला चिकटून बंद होते आणि साचणाऱ्या रक्ताच्या दाबाने अंडाशयाचा पृष्ठभाग आत आत ढकलला जातो. पुरणपोळी करताना कणकेच्या उंड्यात अंगठ्याने खळगा करून आपण पुरण भरतो. पुरणाभोवतीचं आवरण ही काही वेगळी पिशवी नसते, ती कणीकच असते. पुरण सगळं खरवडून काढायचं म्हटलं तर त्याला चिकटून थोडी कणीक येणारच. सगळ्याच गाठी अशा बनतात असं नाही, काहींचा उगम वेगळा असू शकतो असं मानणारे अभ्यासक आहेत. पण ऑपरेशनच्या टेबलावर जे अनुभवाला येतं, ते ह्यूज्डन यांच्या निरीक्षणाशी फार जुळतं.

या ‘कणके’त काय असतं, हे आता पाहायला हवं. अंडाशयाचा मधला भाग रक्तवाहिन्यांचा आणि आधार देणाऱ्या ऊतीचा. स्त्रीबीजांचा साठा असतो तो बाहेरच्या पातळ थरात, कॉर्टेक्समध्ये. झोपेतली, अजून वाढीला न लागलेली स्त्रीबीजं पृष्ठभागाखाली जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात दाटीने असतात. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत त्यांतली ३ ते ४ लाख उरतात, आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती अवघी ४०० ते ५००. नवी तयार होत नाहीत. त्वचा भरून येते, यकृत पुन्हा वाढतं, हाड सांधतं. अंडाशयाच्या त्या पातळ थरातून जे गेलं ते मात्र गेलंच. आणि नेमका हाच थर आत वळून गाठीची भिंत झालेला असतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं दृश्य पडद्यावर पाहिलं तर हे डोळ्यांना दिसतं. अंडाशय मागच्या बाजूला, गर्भाशयाला किंवा ओटीपोटाच्या भिंतीला चिकटून बसलेलं असतं. ते सोडवायला लागताच गाठ फुटते आणि दाट तपकिरी द्रव ओघळतो. तो शोषून घेतला, आतली पोकळी धुतली, की सर्जन दोन चिमट्यांनी गाठीची भिंत आणि अंडाशयाची कड धरून विरुद्ध दिशांना ओढतो. सुरुवातीला भिंत बऱ्यापैकी सुटत येते. मग अंडाशयाच्या मुळाशी, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात त्या जागी, सुटण्याची रेष हरवते. कुठे गाठ संपली आणि कुठे अंडाशय सुरू झालं, हे अनुभवी डोळ्यालाही सांगता येत नाही. तिथे ओढ दिली की रक्त भळभळतं. रक्त दिसलं की हात बायपोलर चिमट्याकडे जातो. विजेने ती जागा भाजली की रक्त थांबतं, ऊती पांढरी पडते, पडदा स्वच्छ दिसतो. त्या पांढऱ्या पडलेल्या जागेखाली किती स्त्रीबीजं होती, हे पडदा सांगत नाही.

इटलीतल्या मुझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली, ऑपरेशनमध्ये सोलून काढलेल्या भिंती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. डर्मॉइडसारख्या इतर साध्या गाठींच्या भिंतीसोबत अंडाशयाची ऊती आल्याचं फक्त ६ टक्के वेळा आढळलं. चॉकलेट सिस्टच्या बाबतीत ते प्रमाण ५४ टक्के निघालं. त्यांच्याच पुढच्या एका अभ्यासात, अंडाशयाच्या मुळाजवळून आलेल्या ऊतीत स्त्रीबीजं अधिक असल्याचं दिसलं. हे सर्जन निष्णात होते, घाई करणारे नव्हते. म्हणजे दोष हातांना देऊन हा प्रश्न मिटत नाही. अंडाशयाचा काही भाग जाणं हे या ऑपरेशनच्या रचनेतच आहे, आणि कौशल्य म्हणजे तो भाग कमीत कमी ठेवणं.

रक्तात हे कसं दिसतं? अंडाशयातली वाढीला लागलेली बारीक फॉलिकल्स, म्हणजे स्त्रीबीजांच्या पिशव्या, एएमएच नावाचं संप्रेरक सोडतात. साठा किती उरला आहे, याचा अंदाज त्याच्या पातळीवरून बांधतात. गाठीच्या ऑपरेशनआधी आणि नंतर एएमएच मोजलेल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी घट सुमारे ३८ टक्के होती. दोन्ही अंडाशयांतल्या गाठी काढल्या तर फटका अधिक बसतो. २००६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दोन्हीकडच्या गाठी काढलेल्या १२६ स्त्रियांपैकी तिघींची अंडाशयं ऑपरेशननंतर कामच करेनाशी झाली. टक्केवारीत हे २.४ दिसतं. पण तिशी गाठायच्या आत पाळी कायमची जाणं ज्या घरात घडतं, तिथे टक्केवारीचा दिलासा कुणी कुणाला देऊ शकत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग ऑपरेशनच नको. तसंही नाही. गाठही निरुपद्रवी नसते. साचलेल्या जुन्या रक्तात लोह खूप असतं, त्यातून तयार होणारी घातक रसायनं भिंतीतून पाझरतात, आजूबाजूच्या कॉर्टेक्समध्ये सूज राहते, तिथे घट्ट तंतू तयार होतात आणि स्त्रीबीजांची दाटी कमी होते. गाठ असलेल्या स्त्रियांचं एएमएच ऑपरेशनच्या आधीही इतरांपेक्षा सरासरीने कमी आढळतं. म्हणजे एकीकडे गाठ हळूहळू खाते आहे, दुसरीकडे ऑपरेशन एकदम घास घेणार आहे. प्रश्न या दोन नुकसानांच्या तुलनेचा आहे, आणि प्रत्येक स्त्रीसाठी तिचं उत्तर वेगळं येतं.

मूल राहण्याच्या आशेने ऑपरेशन सुचवताना दोन अभ्यासांचा आधार नेहमी घेतला जातो. १९९८ मध्ये इटलीतल्या बेरेट्टा यांनी आणि २००४ मध्ये इराणमधल्या अल्बोर्झी यांनी, गाठ सोलून काढणं आणि गाठ फोडून आतलं अस्तर जाळणं, या दोन पद्धतींची तुलना केली. पहिल्या अभ्यासात दोन वर्षांत सोलून काढलेल्यांपैकी ६६.७ टक्के स्त्रियांना दिवस राहिले, जाळलेल्यांपैकी २३.५ टक्के. दुसऱ्यात वर्षभरात ५९.४ टक्के आणि २३.३ टक्के. आकडे बोलके आहेत आणि ऑपरेशन करायचंच असेल तर सोलून काढणं उजवं, हे त्यांतून निघतंही. पण तुलना कुणाची कुणाशी आहे, ते पाहावं. दोन्ही गटांतल्या सगळ्याच स्त्रियांचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन न करता किती जणींना दिवस राहिले असते, याचं उत्तर या आकड्यांत नाही. ‘सोलून काढलं की साठ टक्के यश’ असं वाक्य या अभ्यासांच्या नावावर रुग्णाला सांगणं मला योग्य वाटत नाही.

दुसरा पुरावा अधिक विचारात पाडतो. एकाच अंडाशयात गाठ असलेल्या २४४ स्त्रियांवर, ऑपरेशन न करता, सहा महिने लक्ष ठेवणारा एक इटालियन अभ्यास २०१५ मध्ये आला. गाठ असलेल्या बाजूने स्त्रीबीज बाहेर पडण्याचं प्रमाण ४९.७ टक्के, निरोगी बाजूने ५०.३ टक्के. जवळपास बरोबरीच. त्या सहा महिन्यांत ४३ टक्के स्त्रियांना आपसूक दिवस राहिले. अर्थात इथे निवडलेल्या स्त्रिया वेगळ्या होत्या, वर्षानुवर्षं वाट पाहून थकलेल्या नव्हत्या. तरीही ‘गाठ आहे तोवर मूल राहणार नाही’ ही जी भीती घराघरांत धरली जाते, तिला या आकड्यांपुढे टिकाव नाही.

आता आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार. इथे मत कसं बदललं हे पाहण्यासारखं आहे, कारण बदलामागे तीच गाठीची भिंत आहे. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने, ‘एश्रे’ने, २००५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं, की गाठ चार सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ती काढण्याची शिफारस आहे. बरीच वर्षं तोच रिवाज होता. २०२२ च्या सूचना अगदी उलट सांगतात. केवळ आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून सरसकट गाठ काढू नये, त्याने बाळ हाती येण्याची शक्यता वाढत नाही आणि अंडाशयातला साठा मात्र घटण्याची शक्यता असते. ज्या उपचाराचं सगळं यश मिळणाऱ्या स्त्रीबीजांवर अवलंबून, त्याच्या तयारीसाठी स्त्रीबीजांचाच थर काढायचा, हा उलटा व्यवहार उमगायला बरीच वर्षं लागली. आपल्याकडे अजूनही कितीतरी ठिकाणी ‘आधी गाठ काढा, मग आयव्हीएफ बघू’ हाच क्रम चालतो, याचं मला वाईट वाटतं.

एएमएच कमी आल्याचा रिपोर्ट पाहून खचून जाणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. एएमएच साठ्याचा आकार सांगतं, बीजाचा दर्जा सांगत नाही. दर्जा प्रामुख्याने वयाने ठरतो. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाची पार्श्वभूमी नसलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी नव्हती. महिन्याला एकच चांगलं बीज लागतं, आणि साठा लहान असला तरी ते एक मिळू शकतं. लहान साठ्याचा त्रास होतो तो आयव्हीएफमध्ये, जिथे एका फेरीत पुष्कळ बीजं मिळवायची असतात, आणि पुढे, जेव्हा साठा लवकर संपतो. शिवाय गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच खाली आलेलं दिसतं. त्या काळात केलेल्या एका चाचणीवरून कुणी आपलं भवितव्य ठरवून टाकू नये.

मग ऑपरेशन कुणासाठी? गोळ्यांना न जुमानणारं दुखणं असेल, तर त्या बाईला वेदनेतून सोडवणं हेच पुरेसं कारण आहे, त्यासाठी मुलाचं निमित्त शोधायला नको. सोनोग्राफीत गाठीच्या आत घट्ट उंचवटे आणि त्यांत रक्तप्रवाह दिसला, म्हणजे कर्करोगाची शंका आली, तर थांबणं धोक्याचं. गाठ इतकी मोठी किंवा अशा जागी असेल की आयव्हीएफच्या सुईला बीजापर्यंत पोचताच येत नाही, तर तिचं काहीतरी करावं लागेल. आणि वय कमी, साठा भरपूर, नळ्या आणि वीर्य ठीक, गाठ एकाच बाजूला, पहिलंच ऑपरेशन, अशा जोडप्याला एकदा ऑपरेशन करून नैसर्गिक प्रयत्नाला वेळ देणं अगदी रास्त ठरू शकतं. अशा ऑपरेशननंतर पुढच्या आशेचा अंदाज बांधायला २०१० पासून ‘एन्डोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स’ हे दहापैकी गुण देणारं साधन वापरतात. त्यात वय, मूल न होण्याची वर्षं, आधी कधी दिवस राहिले होते का, आणि ऑपरेशनअखेर नळ्या-अंडाशयं किती कामाची दिसली, या गोष्टींना वजन आहे. गाठीच्या सेंटिमीटरना त्यात किती कमी स्थान आहे, ते पाहिलं की डोळे उघडतात.

याउलट अडतिशीची बाई, दोन्ही बाजूंना गाठी, एएमएच आधीच खालावलेलं, किंवा एकदा ऑपरेशन होऊन गाठ परत आलेली, अशा वेळी चिमटा उचलण्याआधी शंभरदा विचार हवा. दुसऱ्या खेपेला चिकटलेपण अधिक असतं, सुटण्याची रेष आणखी हरवलेली असते आणि भिंतीसोबत अंडाशय जास्त जातं.

ऑपरेशन ठरलंच, तर सर्जनला काही गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. आधी एएमएच आणि सोनोग्राफीत फॉलिकल्सची मोजणी केली आहे का? रक्त थांबवायला भाजण्याऐवजी टाका घालणार का? टाके घातलेल्या अंडाशयांचं एएमएच भाजलेल्यांपेक्षा कमी घसरतं, असं बहुतेक अभ्यास सांगतात. मुळाजवळचा अवघड भाग ओढून काढण्याचा हट्ट धरणार का? बेल्जियमच्या दोनेझ यांनी २०१० मध्ये मांडलेल्या पद्धतीत भिंतीचा मोठा भाग सोलून काढतात आणि मुळाशी उरलेला लहान भाग लेझरने वरवर जाळतात, म्हणजे खालची स्त्रीबीजं वाचावीत. काही ठिकाणी गाठ रिकामी करून आत काही वेळ अल्कोहोल ठेवून धुण्याचा मार्गही निवडतात. दोन्ही बाजूंना गाठी असलेल्या तरुण मुलीला ऑपरेशनआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याचा पर्याय सांगितला गेलाच पाहिजे. खर्च मोठा आहे, सगळ्यांना झेपणारा नाही, पण सांगितलंच नाही तर निवडही तिची राहत नाही.

ऑपरेशननंतर सोबत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मिळतो. ‘कर्करोग नाही’ एवढं वाचून बहुतेक जण तो फाइलला लावतात. भिंतीसोबत अंडाशयाची ऊती आली का, तिच्यात फॉलिकल्स होती का, हे बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं. पुढच्या डॉक्टरला त्या एका ओळीचा फार उपयोग होतो. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने पाळी बंद ठेवणारी इंजेक्शनं घेत बसू नये, त्याने दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही. मूल इतक्यात नको असेल तर मात्र गोळ्या चालू ठेवणं गाठ परत येण्याला आळा घालतं.

आणि आपल्याकडचा तो प्रसंग, ज्यात घाई सर्वांत जास्त होते. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, स्थळं पाहणं सुरू, आणि सोनोग्राफीत गाठ निघते. “लग्नाआधी उरकून टाका, पुढे सासरी नको,” असं आई-वडील काकुळतीला येऊन म्हणतात. त्यांची भीती खरी आहे, कारण मुलीच्या अंगातला दोष म्हणून हे बोललं जातं हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण अशा वेळी काढलेल्या गाठीबरोबर जे जातं, ते तिला पुढे, मूल हवं असेल तेव्हा, लागणार असतं. ऑपरेशन झाल्यावर लग्न लांबलं, गोळ्या घेतल्या नाहीत आणि गाठ परत आली, तर मूल हवं असण्याच्या ऐन वेळी दुसऱ्या ऑपरेशनचा प्रश्न उभा राहतो. गाठ लहान असेल, तिच्यात संशयास्पद काही दिसत नसेल आणि दुखणं गोळ्यांनी आटोक्यात येत असेल, तर या वयात डायनोजेस्ट या संप्रेरकाच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू करून, एएमएच एकदा पाहून ठेवून, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहता येतं. गाठ वाढू लागली, दुखणं हाताबाहेर गेलं किंवा चित्र बदललं, तर ऑपरेशनचा मार्ग तेव्हाही खुला असतो.